डांबराखालची निळी नाव

ये बाई, जवळ सरक. कागदावरचं असलं तरी जवळ बसूनच वाच, भाजी परतता परतता नको. फोनवरचं तुझं मला ठाऊक आहे. मी इकडं सांगून राह्यली असते अन् तिकडं तुझं "हो माय, हो माय" चालू असतं, मागून कुकरची शिट्टी. शेवटी मी काय सांगितलं ते विचारलं तर म्हणतेस, "तब्येतीचंच ना?" तब्येतीचं नव्हतं बाई, नावेचं होतं. अन् तू काय म्हणली होतीस ते मी विसरली नाही. "माय, ती नाव भंगारवाल्याले देऊन टाक, आंगण तरी मोकळं होईल." बापाच्या नावेला असं कोणी म्हणतं का? रागावली नाही मी. पण आता सगळं ऐकून घे, मधात उठू नको.

तुला ती नाव आठवते ती पालथीच. मागच्या आंगणात, मोहाच्या झाडाखाली. बाबा गेल्यावर ती कोणी सुलटी केली नाही. मी तिच्याखाली चुलीच्या पऱ्हाट्या कोरड्या ठेवायची, एका कोपऱ्यात कोंबडी अंड्यांवर बसायची, अन् वर शेजारणीची बकरी चढून मोहाची पानं ओरबाडायची. मोहाची फुलं पडून पडून तिच्यावर चिकट थर झाला होता. खरं सांगायचं तर मलाही ती नाव दिसायची बंद झाली होती. रोजच्या वस्तूचं तसंच होतं, आहे म्हणून दिसत नाही.

पण आपली सूनबाई, तुझी वहिनी, तिला दिसायची. ती बेज्जूरकडची पोरगी, प्राणहितेच्या काठची. लहानपणी बापाबरोबर जाळं टाकायला जायची, फायबरच्या नावेला ठिगळं लावायला बसायची. आपल्याकडं नांदायला आली तेव्हा पहिल्याच दिवशी मागच्या दारात उभी राहून तिनं मला विचारलं होतं, "आत्या, ही पाण्यात काऊन नाई?" मी म्हणली, "बाई, तिचा मालक नाई आता." पण झाडताना तिचा हात नावेवरून फिरायचा, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

यंदा दिवाळी झाल्यावर तुझ्या भावाच्या दोस्तानं हैदराबादहून फोन केला. मोठ्या इमारतीत वॉचमनची जागा, राहायला खाली एक खोली, सूनबाईला वरच्या घरांत पोळ्या करायचं काम. संक्रांत झाली की या. तुझा भाऊ तयार होता. त्याचंही चुकत नव्हतं. दुसऱ्याच्या कापसात किती दिवस राबणार? मी म्हणली, "जा रे बाबा, माझं काय, मी आहे अन् कोंबड्या आहेत." असं म्हणायचं असतं.

सूनबाई रात्रीची ताटं वाढता वाढता म्हणली, "मी येईन. पण आधी नाव पाण्यात घालून पाहू. चालली तर इथंच राहू. नाई चालली तर मी तोंडातून शब्द काढणार नाई, तुमच्या मागं येईन."

तुझा भाऊ हसला. "ते भोकाचं भांडं?"

"भांडं तर भांडं. चुलीवर तर ठेवून पाहू."

"अन् पोळ्यांचं काम गेलं म्हणजे?"

"पोळ्या इथं बी लाटते ना मी. तुमी खाता त्या कोणाच्या हातच्या हायत?"

मला हसू आलं, पण मी ताटात पाहात राह्यली.

आता मासोळी सोसायटीचे चेरमन. तू त्यांना ओळखतेस, बाबांचे जुने जोडीदार, तेलुगू माणूस, मला वदिना म्हणतात. तेलुगूत वहिनीला वदिना. त्यांच्याकडं आमी दोघी गेलो. बाबांची मेंबरी सुनेच्या नावावर करायला त्यांची काही हरकत नव्हती. अडत होतं ते नावेपाशी. ते म्हणले, "वदिना, प्रोजेक्टचं, धरणाचं पाणी लय खोल हाय. मी तुमच्या सुनेले तळ्यावर पाठवीन अन् उद्या काई झालं तर वरून तो मले विचारील." वरून तो म्हणजे देव नाही, बाबा. मग म्हणले, "नाव एक आख्खा दिवस पाण्यात उभी करा. आधी रिकामी, मग माणूस बसवून. आत पाणी नाई आलं तर मी सही करतो."

एवढीच अट. संक्रांतीच्या आत.

नावेला हात घातला तेव्हा खरी गंमत. तुला माहीत आहे, ह्या नावेच्या आधी आपल्या घरी लाकडाचा डोंगा होता. डोंग्याला दरसाल पावसाच्या आधी डांबर लावायचं. डब्यात डांबर अन् राळ चुलीवर कढवायची, चिंधीचा बोळा काठीला बांधायचा अन् बुडाला माखायचं. हे आजोबांपासूनचं. पुढं फायबरच्या नावा आल्या, सोसायटीतून बाबांनाही एक मिळाली. बाकीच्यांनी तशाच वापरल्या. बाबा मात्र म्हणायचे, "उघड्या अंगानं पाण्यात जाते का कोणी?" अन् दरसाल तिला डांबर. लोक हसायचे. चेरमनच म्हणायचे, "अरे, प्लास्टिकच्या बालटीले डांबर लावतो का तू?" बाबा ऐकत असतील तर शपथ. थरावर थर, थरावर थर. नाव कोणत्या रंगाची होती हे मीच विसरून गेली होती. अन् कुठं दगडाला घासली, चीर गेली, की डोंग्याला ठोकायचे तशी पत्र्याची पट्टी अन् खिळे.

सूनबाईनं ते पाहून कपाळाला हात लावला. "आत्या, मामंजींनी हिले खिळे मारले?"

"मारले बाई. डोंग्याले मारत होते, हिले बी मारले."

"लाकूड पाणी पेते, फुगते, खिळ्याले घट्ट धरते. हे फायबर काय पेणार? खिळ्याच्या बाजूनं पाणी आत गेलं असन."

नवरा माझा, खिळे त्याचे.

डांबर काढायचं कसं हा पहिला प्रश्न. पहिल्या दिवशी दुपारी उन्हात बसलो. डांबर मऊ झालेलं, खुरपं लावलं की ओढलं जायचं, गुळाच्या पाकासारखं. हाताला, लुगड्याला, केसांना, सगळीकडं. नाव जशीच्या तशी अन् आमी दोघी काळ्या. तुझा भाऊ म्हणला, "नाव राहू द्या, आता तुमालेच घासावं लागते." मग मला सुचलं. आपल्याकडची थंडी तू विसरली असशील तिकडं जाऊन. पुसाच्या सकाळी मडक्यातल्या पाण्यात बोट घालवत नाही. मी म्हणली, पहाट फुटली की बसू. अन् खरंच बाई, थंडीत ते डांबर कडक, खुरप्याचं टोक लावून वरून हातोडीचा हलका ठोका दिला की खपली निघावी तसं तुकडा तुकडा उडायचं. शेकोटी एकीकडं, नाव एकीकडं. हात शेकायचे अन् पुन्हा बसायचं. ऊन चढलं की काम बंद.

काही दिवसांनी एका खपलीखाली निळं दिसलं.

साधंसुधं निळं नाही. ओल्या कापडानं पुसलं तर असं चकाकलं की मी हातातलं खुरपं खाली ठेवलं. नव्या सणाच्या लुगड्यासारखं निळं. अन् वरच्या काठाला, जिथं बाबांनी कधी डांबर लावलं नव्हतं, तिथं नाव पांढरी खडूसारखी झालेली, बोट फिरवलं की भुकटी हाताला, काचेचे धागे वर आलेले. उन्हानं खाल्लेली. सूनबाई इकडून तिकडं हात फिरवत राह्यली. मग म्हणली, "आत्या, डांबर होतं तिथं हिची कातडी साबूत हाय. उन्हापासून वाचली."

मी म्हणली, "मंग? तुझ्या मामंजींले अक्कल होती म्हण."

"अर्धी होती," ती म्हणली. "खिळ्याची नव्हती."

चेरमन त्या दिवशी सायकलवरून जाताना आत डोकावले. मी त्यांना निळं दाखवलं. "बालटीले डांबर लावलं म्हणून हसत होते ना तुमी? तुमची नाव कुठं हाय?" त्यांची नाव कधीचीच उन्हानं फाटून गेली होती. ते मान हलवत गेले. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. माणूस गेल्यावरही त्याची बाजू घ्यायला मिळाली की घर भरल्यासारखं वाटतं.

पुढचं काम वैतागाचं. डांबराचे डाग रॉकेलच्या चिंधीनं पुसले. शेवाळ, कोंबडीचं, मोहाचं, सगळं नारळाच्या शेंड्यांनी अन् कपड्याच्या पावडरीनं घासून काढलं. मग घासपेपर. ती भुकटी अंगाला लागली की खाजकुयली लागावी तशी आग. सूनबाईनं नाकातोंडाला ओढणी बांधली होती अन् मलाही बांधायला लावली. मी शहाणी, हातापायाला खोबरेल चोपडून बसली, म्हणजे खाजणार नाही. अन् तोच हात नावेवर. पोरगी माझ्यावर अशी खेकसली. "आत्या, तेलाचा हात लावू नका. तेलावर रेझिन धरत नाई." मग तेवढी जागा पुन्हा साबणानं धुतली. मी म्हणली, "बाई, बैलाच्या शिंगाले तेल लावते, गाडीच्या आसाले लावते, हिलेच काऊन चालत नाई?" ती हसली अन् म्हणली, "हिचा थाट येगळा हाय."

खिळे एक एक करून उपटले. खिळ्यांभोवतीचा फायबर ओला, कुजका, दोन थर सुटलेले. तेवढा कापून काढला अन् नाव उन्हात कितीतरी दिवस सुकू दिली. मग आदिलाबादहून तुझ्या भावानं रेझिन, त्यात घालायचं हार्डनर अन् काचेच्या धाग्यांची मॅट आणली. करवंटीत कालवायचं, भोकावर मॅट ठेवायची, ब्रशनं रेझिन मुरवायचं, वर अजून एक मॅट. थंडीमुळं पहिलं ठिगळ दोन दिवस चिकटच राह्यलं. दुसऱ्या वेळी तुझ्या भावानं हार्डनर अंमळ जास्तच ओतलं, तर करवंटी हातात तापली, धूर निघाला अन् रेझिन करवंटीतच दगड. अजूनही ती करवंटी माझ्या फडताळात आहे, ब्रश उभाच तिच्यात. ये, दाखवीन.

आता मधात एक सांगायचं राहिलं, तेच महत्त्वाचं.

नावेच्या नाकावर, जरा खालच्या अंगाला, बाबांनी एक कवडी बसवली होती. आपल्या घरची रीत, डोंग्यालाही असायची. नावेला डोळा असावा, तिनं वाट पाहावी, म्हणून. दरसाल डांबर लावताना बाबा कवडीच्या भोवतीनं हात फिरवायचे, कवडीवर थेंब पडू द्यायचे नाहीत. सूनबाईनं सगळी नाव खरवडली, पण त्या कवडीभोवतीचं तळहाताएवढं डांबर सोडलं. मी म्हणली नाही अन् तिनं विचारलं नाही. दोघीही तिथं आलो की वळसा घालून पुढं जायचो. काही जागा अशा असतात, हात आपोआप मागं येतो.

नाव रंगवली, रंग तसाच मिळाला नाही, जरा हिरवट आला. गावातल्या चार जणांनी बैलगाडीवर घालून तळ्यावर नेली. रिकामी उभी केली. संध्याकाळी चेरमननं आत हात फिरवला. कोरडी. सूनबाईनं माझ्याकडं पाहिलं अन् मी दुसरीकडं पाहिलं, दृष्ट लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती अन् तुझा भाऊ दोघं बसले, जाळं ठेवलं. आमी काठावर. जरा वेळ बरं चाललं. मग तुझ्या भावानं पाय वर घेतला. मला काठावरूनच कळलं. तळाला पाणी होतं. डब्यानं उपसलं, तरी पुन्हा. कुठून येते ते काही दिसेना, कारण नाकाशी आतून बसायची पेटी आहे, तिच्याखालून येऊन राह्यलं होतं.

चेरमन वाईट बोलले नाहीत. "वदिना, मी तरी काय करू," एवढंच म्हणले अन् उपरणं खांद्यावर टाकून गेले. तुझ्या भावानं तिथंच दोस्ताला फोन लावला, संक्रांत झाली की येतो म्हणून सांगितलं. सूनबाई जाळं घडी करत होती. शब्द दिला होता ना तिनं, तोंडातून शब्द काढणार नाही म्हणून. नाही काढला. नाव पुन्हा गाडीवर, पुन्हा मोहाखाली, ह्या वेळी दोन ओंडक्यांवर सुलटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सामान बांधून राह्यली होती. मी चहा ठेवला, माठातून पाणी घ्यायला गेली, तर माठाखालचं रिंगण ओलं. माझ्या मनात आलं, माठ कुठं गळतो हे पाहायला आपण त्याला पाण्यात बुडवतो का? त्यात पाणी भरतो अन् बाहेरून पाहतो. चहा तसाच ठेवला. सूनबाईला म्हणली, "ते बोचकं ठेव. घागर घे."

आमी नावेत, नाकाच्या बाजूला, पाणी ओतायला लागलो. विहिरीवरून घागरी आणायच्या अन् ओतायच्या. तुझा भाऊ म्हणला, "माय, लोक नावेतलं पाणी काढतात." मी म्हणली, "तू बी एक घागर आण, मंग बोल." तो आणायला लागला. पाणी पेटीच्या वर आलं तेव्हा मी खाली वाकून पाहिलं. सगळी ठिगळं कोरडी. एक नाही गळलं. अन् कवडीच्या फटीत एक थेंब धरला, मोठा झाला, अन् पडला. मग दुसरा.

बाबांनी कवडी डांबरानं चिकटवली असेल असं आमी सगळे समजलो होतो. त्यांनी खाली खिळा मारला होता. दरसाल कवडीच्या भोवतीनं डांबर बसायचं, फट बुजायची, म्हणून त्यांच्या हयातीत गळली नाही. रिकामी असली की नाक वर, पाण्याला लागत नाही. माणूस बसलं की नाक खाली.

सूनबाई म्हणली, "आत्या, कवडी काढायची नाई. भोवतीनं डांबर लावू, मामंजी लावत होते तसं."

"दरसाल लावशील?"

"लावीन."

"अन् ज्या साली तापानं पडशील त्या साली?"

ती उभी राह्यली. म्हणली, "मामंजींची हाय."

मी म्हणली, "मी बी त्याईचीच हाय. इतकी वर्षं त्याईनं मले सांभाळलं का कवडीले? सांडशी आण."

तिनं आणली. मीच काढली बाई. दुसऱ्या कोणाला कसं काढू देणार? खिळा गंजून पार बारीक झालेला, जरा ओढला अन् आला, जणू तयारच होता. कवडी माझ्या तळहातावर, डांबराच्या कड्यासकट. थोडा वेळ तशीच धरून बसली. मग चुलीपाशी जाऊन चहा गाळला, थंड झाला होता तरी प्यायलो.

सूनबाईनं तिथलं डांबर खरवडून त्या भोकावरही ठिगळ बसवलं, अन् संक्रांतीच्या आदल्या दिवशी नाव पुन्हा तळ्यावर. ह्या वेळी दोघं बसले अन् चेरमन स्वतः तिसरे बसले, पायातल्या चपला काढून. दिवसभर. संध्याकाळी काठाला लागल्यावर त्यांनी आत हात फिरवला अन् मला तळवा दाखवला. कोरडा. म्हणले, "वदिना, पहिली मरळ माझ्या घरी." मी म्हणली, "जो हसला त्याले शेवटची."

निघायच्या आधी सूनबाईनं कनवटीतून कागदाची पुडी काढली. खरवडलेल्या डांबराची एक खपली जपून ठेवली होती तिनं. आगकाडीवर मऊ केली अन् नावेच्या नाकावर, कवडी होती तिथंच, बोटानं एक काळी तीट लावली. लेकराच्या गालाला लावावी तशी. मग म्हणली, "उघड्या अंगानं पाण्यात जाते का कोणी?"

बाबांना तिनं पाहिलंही नव्हतं. वाक्य मात्र मीच केव्हातरी तिला सांगितलं असेल.

हैदराबादला फोन करून तुझ्या भावानं नाही म्हणून सांगितलं. बांधलेलं बोचकं सोडलं अन् त्यात आता जाळी ठेवतो. सकाळी दोघं जातात, मी काठावर बसते, अन् बाजाराच्या दिवशी मरळ, रोहू घेऊन नार्नूरच्या बाजारात, बाबा असताना बसायची तशी, मी पुन्हा बसून राह्यली. आवाज पहिल्यासारखा नाही, पण गिऱ्हाईक ओळखतं.

अन् ती कवडी. तुला आठवत नाही, मला ठाऊक आहे. तू एवढीशी होतीस, बाजारात एका लमाणिणीच्या ओढणीवरच्या कवड्या पाहून रस्त्यात लोळली होतीस. तिनं आपल्या ओढणीची एक तोडून तुझ्या हातात दिली. ती तू घरी आणलीस अन् बाबांना म्हणलीस, नावेला लावा. तीच ही. रॉकेलनं पुसून, साबणानं धुऊन मी डब्यात ठेवली आहे. पोस्टानं पाठव म्हणू नको, मी पाठवणार नाही. लेकरांना घेऊन ये, ऊन तापायच्या आधी ये. तुझ्या हातात देईन, अन् तुला नावेत बसवीन. सूनबाई वल्हवील. आंगणाचं म्हणत होतीस ना, तेही मोकळं झालं आहे. लेकरांना खेळायला जागा आहे. ये लवकर.